आक्काचा आवाज लांबून का येतो

हे अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही. देवळात हात जोडले तेव्हासुद्धा मनातल्या मनात बोलले नाही — तिथं दुसरंच काहीतरी मागत बसले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. जमतं का बघू.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्म निपाणीत गेला, त्यातला बराचसा विड्या वळण्यात. आता बोटं वळत नाहीत, गुडघे दुमडत नाहीत. ते असो. दुखणी सांगायला बसलेले नाही.

रत्नाक्का माझी थोरली जाऊ. एका गल्लीत, भिंतीला भिंत लावून आमची घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती त्या घरात मुरलेली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि तोंडात गाणं. गल्लीतल्या बायका विड्या वळायला तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसायच्या. त्यांच्या घरी सावली नव्हती असं नाही. तिच्या गाण्यासाठी यायच्या.

आमच्याकडं गाण्याची एक रीत आहे. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या झील धरतात — म्हणजे तिच्या ओळीचं शेपूट पकडायचं आणि ती दम घेईपर्यंत लांबवत राहायचं. ओळ उचलायची थोरलीनं, झील धरायची धाकटीनं. मी धाकटी. मी धरली. हळदीला, बारशाला, गौरी आल्या की, आणि रोज काम करतानाही. झील धरणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारत नाही. ही तक्रार नाही. तसं असतं, एवढंच.

आक्का गाणी रचायचीही. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. विडी बांधायचा दोरा दाताखाली धरायची, गाठ मारायची आणि मग म्हणायची —

पानामागं पान कापू, दिस कापला गं बाई
दोऱ्याच्या गं गाठीपाशी याद माहेराची येई

हे तिचं. ते तिचं आहे हे मला मुद्दाम लिहावं लागतंय. का, ते पुढं कळेल.

आमच्या विडीच्या वेळच्या बायका आता पांगल्या. कुणी लेकीकडं कोल्हापूरला, कुणी चिकोडीला, कुणी बेळगावात. त्यातल्या एकीच्या सुनेनं फोनवर ग्रुप काढला. आपण घरी म्हटलेलं गाणं त्यात टाकायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दुसरं काही नाही. कलाकार कुणीच नाही. बेळगावच्या कॅम्पातली एक शिवणकाम करणारी बाई ताटलीवर ठेका धरून म्हणते. चिकोडीची एक कानडी गाणी पाठवते, ती आम्हाला पाठ झालीत. खानापूरकडचे एक रिटायर मास्तर बासरी पाठवतात. त्यांच्या बासरीत मागनं म्हैस ओरडते, आणि दोघांत म्हैस जास्त सुरात आहे असं आक्का म्हणायची.

मग आम्हीही सुरू केलं. मुलानं मला चांगला फोन घेऊन दिला होता. माझ्या घरातली मधली खोली घेतली. पंखा बंद करायचा, कुकर उतरवायचा, हायवेच्या गाड्यांचे हॉर्न येऊ नयेत म्हणून खिडकीला गोधडी अडकवायची. दार लावलं की घामाच्या धारा. आक्का म्हणायची, "सुशे, गाणं ऱ्हाऊ दे, हितं आपली इडली हुतीया."

फोन मी धरायची. आक्का त्याला हात लावत नसे. विड्या वळून तिची बोटं इतकी जाड झाली होती की काचेवर काही उमटायचंच नाही. "त्यो माझ्या बोटाला भितोय," म्हणायची.

पहिलं गाणं आम्ही तेच पाठवलं, पानाचं. तिनं ओळ उचलली, मी झील धरली. जन्मभर जसं म्हणत आलो तसं. फोन माझ्या हातात, माझ्या तोंडासमोर.

ग्रुपवर लगेच उत्तरं आली. एकीनं लिहिलं होतं, सुशीकाकू, काय गळा हाय तुमचा, इतकी वर्षं कुठं लपवला होता. दुसरीनं लिहिलं, आणि मागं कोण म्हणतंय?

मी ते दोनदा वाचलं. मग गाणं ऐकलं. खरंच, माझा आवाज मोठा आला होता, जवळ आला होता. आणि आक्का — आक्का शेजारच्या घरात बसून म्हणत असावी तशी.

मी काय लिहिलं असेल? मी लिहिलं, आमच्या जाऊबाई, आता वय झालं त्यांचं. मला एका बोटानं लिहावं लागतं. एकेक अक्षर शोधावं लागतं. अशा वेळी माणसाला विचार करायला भरपूर सवड मिळते. मला मिळाली होती.

इथंवर कुणी म्हणेल, अडाणी बायका, त्यांना काय कळतंय फोन कुठं धरायचा ते. आणि पहिल्या खेपेला मला कळलं नव्हतं, हे खरं आहे. पण पुढं कळलं. ते सांगायचं आहे, आणि तिथंच माझं बोट अडतंय.

पुढच्या खेपेला हाताला मुंग्या आल्या म्हणून फोन मी पत्र्याच्या डब्यावर ठेवला. डबा आक्काच्या गुडघ्याला लागून होता. गाणं झालं, ती घरी गेली, मी ऐकायला बसले — आणि सगळी खोली आक्कानं भरली. तोच आवाज, सोप्यातला. इतकी वर्षं गेली, तसूभर कमी झाला नव्हता. आणि मी? मागं कुठंतरी. दाराची बिजागरी कुरकुरावी तशी.

तेव्हा कळलं. फोन जिच्याजवळ, गाणं तिचं. हे कळायला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही.

मी ते गाणं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, नीट आलं न्हाय, परत म्हणू. आणि तिला भिंतीकडं बसवलं. म्हटलं, तिकडं टेकून बस आक्का, पाठीला आराम पडंल. फोन ठेवला माझ्या मांडीवर, पदराच्या घडीत. ती टेकली, पाय पसरले आणि म्हणाली, "माझ्या पाठीची काळजी तुलाच गं."

त्यानंतर प्रत्येक गाणं तसंच. ती भिंतीपाशी, फोन माझ्याजवळ. एकदा नाही, दोनदा नाही. ठरवून.

झालेलं गाणं ऐकायचा तिचा हट्ट असायचा. डोकं खाली घालून ऐकायची. एकदा ऐकता ऐकता म्हणाली, "ह्यो माझा आवाज?"

मी म्हटलं, व्हय.

"एवढा बारीक झाला?"

फोन माझ्याजवळ हाय आक्का, म्हणून तसा येतोय. एवढंच बोलायचं होतं. चहा ठेवू का, हे विचारण्याइतकं सोपं. मी काय बोलले? "वय हुतंय. सगळ्यांचंच हुतंय."

"तुझं तर झालं न्हाय," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

तुम्ही म्हणाल, तिला स्वतःच्या कानांनी ऐकू येत नव्हतं का? येत असेल. पण स्वतःचा आवाज दुसऱ्याला कसा लागतो याची खात्री कुणाला असते? आणि फोन म्हणजे मशीन. मशीनला काय जावेचा हेवा असतो? तिनं मशीनवर विश्वास ठेवला. माझ्यावरही ठेवला, तो तर आधीपासूनच होता.

मग तिनं इलाज सुरू केले. ज्येष्ठमधाची काडी सारखी तोंडात. सकाळी मिठाच्या गुळण्या — भिंतीला भिंत, मला इकडं ऐकू यायच्या. लोणचं सोडलं. दही सोडलं. दही सोडणं म्हणजे आक्कानं जेवणच सोडल्यासारखं होतं. एकदा माझ्या सुनेनं तिच्यापुढं ताकाचा पेला ठेवला, तर म्हणाली, नगं बाई, गळ्याला बाधतंय. पेला तिनं माझ्याकडं सरकवला. मी प्यायले.

आणि एक दिवस म्हणाली, "आता तूच उचल सुशे. मी झील धरते."

मी नको म्हटलं. एकदाच, रीतीपुरतं. मग उचलली ओळ. तिचीच गाणी, तिनं रचलेली. ग्रुपवर लोक मला विचारायचे, काकू, हे गाणं तुम्हीच केलंय का? मी नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवायची. त्याचा अर्थ ज्यानं त्यानं घ्यावा.

मला आवडलं का? आवडलं. खोटं कशाला बोलू. सकाळी उठून आधी फोन बघायची, मग चूल.

आक्काची लेक मंदा बेळगावात, टिळकवाडीत राहते. तिच्या मुलीची हळद तिथंच हॉलमध्ये होती. आम्ही दोघी गेलो. बायका आक्काच्या मागं लागल्या, आजी, म्हणा की, तुमच्याशिवाय हळद कसली. आक्का म्हणाली, "माझा गळा गेला गं. सुशीला म्हणू द्या. फोनात बगा की, लोक तिचंच ऐकत्यात." हे तिनं कौतुकानं सांगितलं. मंदानं माझ्याकडं बघून, म्हणा, अशी मान हलवली.

मी ओळ उचलली. तिथं फोन नव्हता, मांडी नव्हती, पदर नव्हता. माझा आवाज पुढच्या बायकांपर्यंत तरी गेला का, मला शंका आहे. मग ओळ संपली आणि आक्कानं झील धरली.

काय सांगू. हॉलमधल्या बायका एकदम वळल्या. हळद लावणारीचा हात थांबला. झील कसली, ओळीहून मोठी होती ती. क्षणभर मला वाटलं, आता सुटलं. आता तिला कळेल, सगळ्यांना कळेल, मला काही बोलावं लागणार नाही.

पण तिला कळलं नाही. बायका वळून बघतायत म्हणजे आपला आवाज फाटलाय, असंच तिनं धरलं. पदर तोंडाला लावला. पुढची झील तिनं इतकी हळू धरली की ओठ हलताना दिसले तेवढेच. माझं गाणं बिघडू नये म्हणून.

मी थांबले का? नाही. सगळं गाणं म्हटलं, शेवटपर्यंत.

परत येताना बसमध्ये ती खिडकीकडं बघत होती. संकेश्वर गेल्यावर म्हणाली, "चुकलं गं माझं. मधीच जोरात गेले."

मी म्हटलं, असू दे.

कळलं का मी काय केलं? मी तिला माफ केलं.

त्या दिवसानंतर आक्कानं गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. झीलसुद्धा नाही. धान्य निवडताना, भांडी घासताना — भिंतीपलीकडनं भांड्यांचा आवाज यायचा, तिचा नाही. शेजारणीला वाटलं वयानं झाली गप्प. माझ्या मुलाला वाटलं तिला लेकीची आठवण येते. मला काय वाटायचं हे विचारण्यात अर्थ नाही, मला माहीतच होतं. भिंत एक वीटभर जाडीची. हाक मारून सांगितलं असतं तरी ऐकू गेलं असतं. रोज सांगता आलं असतं.

मागच्या थंडीत ती गेली. ताप आला, छाती भरली, चार दिवस अंथरुणात. मी जवळ बसून होते. पाणी पाजलं, पाय चेपले. सगळे म्हणाले, धाकटीनं केलं हो थोरलीचं.

जन्मभर झील धरली म्हणून हेवा होता, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण झील धरायला मला आक्कानं नव्हतं लावलं. ती रीत होती. आणि ती मला चांगली वागवायची.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मंदा माझ्याकडं आली. म्हणाली, काकू, आईची गाणी तुमच्या फोनात हाईत न्हवं? मला द्या. माझ्याकडं तिचा आवाजच न्हाय. तिला ती पाठवून दिली, होती ती सगळी. तिनं तिथंच बसून एक लावलं, कानाशी धरलं. मग आवाज वाढवला. वाढवला तसा माझाच वाढला. तिनं परत कमी केला, परत वाढवला, फोन उलटा करून बघितला.

"काकू, आई लांबून का येती?"

मी म्हटलं, फोनच तसला हाय.

ती अजून ती गाणी ऐकते. स्वयंपाक करताना लावते म्हणे. परवा तिचा फोन आला, खूश होती. म्हणाली, "काकू, त्या पानाच्या गाण्यात मधी तुमी दम घेताय न्हवं, तितं आई खोकलीय. अगदी आईच. मी किती वेळा ऐकलं ते."

मी म्हटलं, व्हय, खोकली होती.

तिला आईचा खोकला सापडला. आईचं एक आख्खं गाणं होतं आणि ते मी माझ्या हातानं पुसलं, हे तिला मी सांगितलं नाही. ती आणखी थोडं बोलली, जेवला का विचारलं, आणि फोन ठेवला.