विहिरीवाल्या कादंबरीचा चौथा भाग

नर्सबाईंच्या हाती नवी कादंबरी आली की त्या पहिल्यांदा ब्लेड मागायच्या. पुठ्ठा काढायचा, नावाचं पान काढायचं, मग शिवणीचे दोरे कापून पुस्तकाचे पाच भाग करायचे आणि प्रत्येकाला जाड दोऱ्याचे दोन टाके घालायचे. नाळ कापायला सरावलेले हात ते, एकही पान फाटत नसे. "अख्खं पुस्तक एका घरात कोंडून पडते," त्या म्हणत. "पाच भाग केले का पाच घरं एकाच टायमाले वाचतात."

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. बाई अमडापूरच्या सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांच्या पिशवीत एका बाजूला कात्री, कापूस, आयोडीन आणि दुसऱ्या बाजूला पट्टीच्या कापडात गुंडाळलेले कादंबऱ्यांचे भाग. नाव पाहून पुस्तक वाचायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे गावात कादंबऱ्यांना आम्हीच नावं पाडलेली होती. एक ‘वकिलाची’, एक ‘दोन बहिणींची’, एक ‘विहिरीवाली’. खरं नाव काय, लिहिली कोणी, ते एकट्या बाईंना ठाऊक.

मी नववीतून शाळा सोडली, कारण आईला दिवस गेले होते आणि ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या बाळंतपणाला बाई आल्या, तेव्हा मी चुलीपाशी गुळाच्या पुड्याचा कागद सरळ करून वाचत बसले होते. बाई पाण्याचं भगुणं उचलता उचलता थांबल्या.

"काऊन वं पोरी, शाळा सोडली म्हन्तात, मंग हे काय चालू हाय?"

मी कागद पाठीमागे लपवला. आई आतून कण्हत म्हणाली, "तिले नोका नादी लावू बाई, भाकरी करपवते."

"करपू द्या एखादी," म्हणत बाईंनी पिशवीतून विहिरीवालीचा तिसरा भाग काढला. पहिला मास्तरीणकाकूंकडे होता, दुसरा सुताराच्या सुनेकडे. मी घाबरत म्हटलं, "पण हे तर मधूनच आहे." बाई हसल्या. "मानसं बी आपल्याले मधातूनच भेटतात. त्यांचा पहिला भाग कोनं वाचलेला राह्यते?"

प्रत्येक भागासोबत एक चिठ्ठी फिरायची. वाचून झालं की तिच्यावर पुढच्या वाचणारीसाठी एक ओळ लिहायची. मास्तरीणकाकू लिहीत, "या दिवाणजीवर विश्वास ठेवू नका." मी लिहिलं होतं, "भाकरी टाकून झाल्यावरच उघडा." पण पुढे काय होतं ते सांगायला सक्त मनाई. सुताराच्या सुनेनं एकदा पाणी भरताना सांगून टाकलं की नायक मरत नाही, तर बाईंनी महिनाभर तिला एक पान दिलं नाही. दुसरा नियम आठ दिवसांचा. "एका घरी भाग अडला का चार घरं उपाशी," त्या बोट दाखवून म्हणत. ते बोट मला आजही दिसतं.

कारण भाग अडला तो माझ्याच घरी. चौथा भाग हाती आला आणि त्याच आठवड्यात इटारसीचे पाहुणे मला पाहायला आले. मुलगा रेल्वेत. पाहुणे अंगणात आले तशी मी तो भाग घाईघाईनं आईच्या जांभळ्या लुगड्याच्या घडीत सारला. पंधरा दिवसांत लग्न लागलं. मावशीनं माझी ट्रंक भरली, त्यात ते लुगडं घडीसकट गेलं. इटारसीला तिसऱ्या दिवशी मी घडी उलगडली आणि चौथा भाग मांडीवर पडला.

दोन वर्षं मी तो भाग ट्रंकेत जपला. पोस्ट दोन गल्ल्यांवर होतं. नवरा काही वाईट नव्हता, सांगितलं असतं तर टपालानं पाठवलाही असता. पण ‘मी गावाची कादंबरी घेऊन आले’ हे सांगायचं कसं? आजूबाजूला सगळी हिंदी. मी तीच साठ पानं पुन्हा पुन्हा वाचायची आणि प्रत्येक वेळी चार उपाशी घरं समोर यायची. माहेरचं पत्र आलं की बाईंनी काही निरोप दिला असेल म्हणून आधी शेवट वाचायची. कधी अवाक्षर नसायचं.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आले. ट्रंक ओसरीवर टेकवली आणि भाग पदराखाली घेऊन तशीच दवाखान्यात गेले. खुर्चीवर दुसऱ्याच नर्स. बाईंची बदली सहा महिन्यांपूर्वी सोनाळ्याला झाली होती, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

मग मास्तरीणकाकूंकडे गेले. भाग त्यांच्यापुढे ठेवला. "काकू, हा माझ्याकडे होता."

काकूंनी भाग उलटून पाहिला. "अगं, बाई तर म्हणाल्या, चिखलीच्या मोटारीत माझ्याच हातून विसरला! सुताराच्या सुनेनं काय काय ऐकवलं त्यांना. ‘आम्हाले नियम सांगता अन् सोता?’ म्हणाली. बाई नुसत्या हसत होत्या."

काकूंनी फळीवरून एक वही काढली. दवाखान्यातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर बाईंनी सबंध चौथा भाग आठवून आठवून हातानं लिहिला होता. गावानं तोच वाचला होता. काकू दोन्ही भाग शेजारी ठेवून बोटानं ओळी ताडून पाहू लागल्या आणि शेवटच्या पानावर थांबल्या.

"तुझ्यात हे पत्र नाही का गं?"

नव्हतं. छापील भागात नायिका लांबच्या सासरी उतरते आणि प्रकरण संपतं. बाईंच्या वहीत तिला माहेरून एक बिननावाचं पत्र येतं. बाकी सगळा भाग पुस्तकी भाषेत, पत्र तेवढं बाईंच्या बोलीत: ‘पोरी, जे चुकून संग गेलं त्याले चोरी म्हनत नाहीत. भेऊ नको. तुह्या त्या गावात बी कोनी ना कोनी वाचनारी असंन. हुडक तिले.’

"मी म्हटलं होतं त्यांना," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे पत्र काही कादंबरीतलं वाटत नाही. तर म्हणाल्या, ‘ज्याचं हाय त्याले पोचंन.’"

छापील भाग काकूंनी ठेवून घेतला. मला वही दिली, आणि पाचवा भाग. पहिले दोन बाईंसोबत सोनाळ्याला गेले होते. मी सोनाळ्याला दोन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही.

लेकीला घेऊन इटारसीला परतले, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमध्ये जळगावकडची एक नवी सून आली होती. नळावर बादली भरेपर्यंत ती चहाच्या पुड्याचा कागद वाचत होती. मी घरात जाऊन वही आणली. तिनं उघडली, म्हणाली, "ताई, हा तर चौथा भाग आहे." मी म्हटलं, "मधातूनच सुरू कर."

बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्या कोणाच्या कोण, एकट्या का राहायच्या, विचारायचं कधी सुचलंच नाही. विहिरीवालीचे पहिले दोन भागही मी अजून वाचलेले नाहीत. कोणत्याही स्टेशनावर पुस्तकांचा गाडा दिसला की मी एकेक कादंबरी मधूनच उघडते आणि ती विहीर शोधते. लेक वैतागते. "आई, त्याला नाव तरी सांग ना पुस्तकाचं!" नाव तर बाईंच्या ब्लेडनं केव्हाच कापलं. गाडीची शिटी होते, लेक हात ओढते, आणि माझ्या दुसऱ्या हातात अजून एक पुस्तक उघडलेलं असतं.