मास्तरांचा टेप आणि चौदा झाडं

कालव्याकाठच्या रस्त्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्तरांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व, आणि ती गोष्ट ते दिवसभर गळ्यात घालून बसायचे. पिवळट पडलेला, टोकाची पितळी पट्टी झिजून गेलेला कापडी टेप. तीस वर्षं तोच. आंघोळ आणि झोप सोडली, तर तो मानेवरून उतरायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, लग्नात मला हार घातलात तो तासाभरात काढून ठेवला होतात. याच्यावर बरं प्रेम!"

"हा खोटं बोलत नाही," मास्तर म्हणायचे.

"आणि मी बोलते?"

"तसं कुठं म्हणालो मी?" असं म्हणून ते मशीन चालू करायचे, म्हणजे पुढचं काही ऐकू यायचं नाही.

तीस वर्षांत त्यांनी शिवलेला एक कपडा कुणाला घट्ट झाला नाही की ढगळ झाला नाही. खुशाल गावभर विचारा. भांडण व्हायचं ते एकाच माणसाशी, चार दुकानं पलीकडच्या कापडवाल्या शेठजींशी. मास्तर त्यांच्याकडून अस्तर आणायचे, दुकानात येऊन मोजायचे आणि तरातरा परत जायचे. "शेठ, मीटरमागे बोटभर कापड खाता तुम्ही!" शेठजी छातीवर हात ठेवून शपथा घ्यायचे. मास्तरांनी कधी विश्वास ठेवला नाही. आपला टेप सांगतोय म्हटल्यावर शेठजींच्या शपथेला काय किंमत? असं कितीतरी वर्षं चाललं होतं आणि दोघांनाही त्याची इतकी सवय झाली होती, की भांडण झालं नाही तर खरेदी झाल्यासारखी वाटायची नाही.

दुकानासमोर, कालव्याच्या कडेनं झाडांची रांग होती. एकेचाळीस झाडं, सगळी एकाच वर्षी लावलेली, त्यामुळे अंगापिंडानं जवळजवळ सारखी. त्यातलं सतरावं नेमकं मास्तरांच्या दारात. दुकान म्हणजे जेमतेम दोन मशीनची खोली, वर पत्रा. सतराव्याची सावली नसती तर उन्हाळ्यात आत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. मास्तर दुपारी मशीन उचलून त्याच्या बुंध्याशी आणायचे. बायको गुडघ्यांमुळे फार चालू शकायची नाही. ती तिथंच खुर्ची टाकून काजं-बटणं करायची. येणारीजाणारी माणसं थांबायची, दोन शब्द बोलायची. तिचं सगळं जग त्या सावलीएवढं होतं आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मास्तर त्या रविवारच्या गटात गेले ते तिच्यामुळेच. शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाईंनी हा गट जमवला होता. दहा-बारा माणसं, दर रविवारी सकाळी वाचनालयात भेटायची. बाई पँटची शिलाई उसवली म्हणून दुकानात आल्या आणि जाताना एक कागद ठेवून गेल्या. वर लिहिलं होतं, 'तुम्ही काय करू शकाल?' खाली चौकटी. रोपांना पाणी घालणं. कालव्यातला कचरा काढणं. कार्यालयांना पत्रं लिहिणं. पक्ष्यांची नोंद ठेवणं. झाडांची मापं घेणं.

"मला यातलं काय जमणार, कप्पाळ?" मास्तर म्हणाले.

बायकोनं कागद ओढून घेतला आणि शेवटच्या चौकटीत कापडावर खुणा करायच्या खडूनं फुली मारली. "मापं. जन्मभर दुसरं काय केलंत?"

आणि खरंच, मास्तर रमले. झाडाचं माप छातीच्या उंचीवर घ्यायचं असतं, हे बाईंनी सांगितल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "म्हणजे कोटासारखंच की!" मग दर रविवारी एकेका झाडाला ते मिठी मारल्यासारखे वेढा घालायचे, टेप जुळवायचे, खडूनं खूण करायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. यादीही स्वतःच लिहायचे. टपोऱ्या अक्षरात, गिऱ्हाइकांच्या वहीसारखी. मापं घेता घेता झाडांशी बोलायचे. "हां, श्वास सोडा. पोट आत घेऊ नका." गटातली माणसं हसून बेजार व्हायची. साठी उलटल्यावर माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटावं, यासारखं औषध नाही. मास्तर त्या वर्षी दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

नगरपालिकेच्या कार्यालयाकडे झाडं मोजायला माणसं नव्हती, म्हणून त्यांनी गटाची यादीच सरकारी यादी म्हणून ठेवून घेतली. बाईंना तर आकाश ठेंगणं झालं. कारण नियम असा होता, की ज्याचा घेर एक मीटर किंवा त्याहून जास्त, ते झाड नोंदणीचं. त्याला हात लावता येत नाही.

आणि मग रस्ता रुंद करायचं निघालं. वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस लागली. नोंदणीची सत्तावीस झाडं राहणार, रस्ता त्यांना वळसा घालणार. मीटरपेक्षा कमी भरलेली चौदा जाणार. हरकती आठ दिवसांत.

चौदांत सतरावं होतं. नव्याण्णव सेंटीमीटर.

बाई यादी घेऊन दुकानात आल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "मास्तर, बघा ना. साडेअठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, साडेनव्याण्णव, पुन्हा नव्याण्णव. चौदाच्या चौदा अगदी काठावर. एकदा पुन्हा मोजूया का? माझ्याकडे शाळेचा पोलादी टेप आहे."

इथं मास्तरांचं चुकलं. मोजताना नाही, इथं. कुणीतरी त्यांच्या अब्रूला हात घातल्यासारखे ते ताठ झाले. "बाई, तीस वर्षांत माझं माप कुणी परत घेतलेलं नाही. झाड माझ्या दारातलं आहे म्हणून आकडा वाढवू? तो धंदा मी शेठजींसाठी सोडलाय." तरी ते उठले, चौदाच्या चौदा झाडांपाशी गेले, त्याच खुणांवर तोच टेप लावला. सुताचा फरक आला नाही. येणार कसा? सतराव्यापाशी टेप जरा सैल धरला असता तर सेंटीमीटर आरामात निघाला असता. त्यांनी धरला नाही. 'फेरमोजणी केली, आकडे बरोबर आहेत,' असं लिहून त्यांनी खाली सही केली.

बाईंनी पोलादी टेप पिशवीतून बाहेर काढलाच नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून. गटानं हरकत पाठवली ती सावलीची, पाखरांची, हवेची. आकड्यांवर एक अक्षर नाही. उलट फेरमोजणीचा कागद जोडला, आपण किती प्रामाणिक आहोत हे दिसावं म्हणून.

नवव्या दिवशी मास्तर अस्तर आणायला शेठजींकडे गेले. मनच ठिकाणावर नव्हतं, तरी सवयीनं तोंडातून निघालं, "बोटभर कमी आहे."

शेठजींचंही त्या दिवशी काहीतरी बिनसलं असणार. ते गल्ल्यावरून उठले, कापड मोजायची लोखंडी पट्टी धाडकन काउंटरवर ठेवली. "हा बघा शिक्का. दर वर्षी मापवाले येऊन तपासून जातात. काढा तुमचा टेप. काढा म्हणतो ना!"

मास्तरांनी टेप काढला, पट्टीवर अंथरला. लोखंडी मीटर जिथं संपला, तिथं टेपवर अठ्ठ्याण्णव होतं.

शेठजी विजयानं काहीतरी बोलणार होते, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी आधी स्टूल पुढं केलं. तीस वर्षं ओढून ओढून टेप ताणला होता. मीटरमागे दोन सेंटीमीटर. कपड्यांत कधी कळलं नाही, कारण माणसाला तोच टेप आणि कापडालाही तोच. इथली चूक तिथं फिटून जायची. झाडांना मात्र नुसतं माप होतं. कापणार दुसराच कुणी होता.

मास्तर तसेच अनवाणी कार्यालयात गेले. चपला शेठजींच्या पायरीवर राहिल्या.

कारकून भला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मास्तर, ही पँट तुम्हीच शिवलीय. त्याच टेपनं ना? कशी फस्क्लास बसलीय बघा. मग टेप चुकीचा कसा म्हणायचा?"

"अहो, तुमची कंबरही त्यानंच मोजली आणि कापडही त्यानंच! दोन्हीकडे सारखीच खोट, म्हणून जमलं. साहेब, चौदाच्या चौदा झाडं मीटरच्या वर आहेत. आत्ता चला, पोलादी टेप लावून दाखवतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

कारकुनानं फाईल उघडली. वरच मास्तरांचा टपोऱ्या अक्षरातला कागद. फेरमोजणी केली, आकडे बरोबर आहेत. "मुदत काल संपली," तो हळू आवाजात म्हणाला. "वर आदेश निघाला. आता हे आकडे बदलायचे तर पुढच्या वृक्षगणनेत. पाच वर्षांनी. मला पटतंय हो तुमचं. पण मला पटून काय उपयोग?"

बाईही धावल्या. या टेबलावरून त्या टेबलावर, सही करणारे साहेब गावाला गेलेले, दुसऱ्या साहेबांना अधिकार नाही, तिसऱ्यांनी सांगितलं अर्ज ठेवून जा. गटातल्या माणसांनी दोन दिवसांत सह्या जमवल्या, पत्रं लिहिली, फोन लावले. चौकटीत लिहिलेलं जे जे करता येत होतं ते सगळं केलं. मास्तरांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. एका बैठकीत मास्तरच ओरडले, "अरे, कुणीतरी शिव्या द्या ना मला!" बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम माणसं घेऊन आला. त्याच्या हातात मास्तरांच्याच यादीची प्रत. तो वाचत जायचा, "नंबर चार, साडेअठ्ठ्याण्णव," आणि करवत सुरू व्हायची. मास्तर त्याच्या मागून चालत होते. बाईंचा पोलादी टेप त्यांनी मागून आणला होता. प्रत्येक बुंध्याला लावून ते दाखवत होते, "हे बघा, शंभराच्या वर. बघा तरी एकदा." मुकादमानं पहिल्या दोन-तीन वेळा बघितलंही. मग म्हणाला, "काका, मला कागदावरचं करायचंय. बाजूला व्हा, फांदी पडेल अंगावर."

सतराव्यापाशी बायको खुर्चीत बसून होती. मास्तर उठवायला गेले तर म्हणाली, "मला काही धरणं धरायचं नाही. गुडघे आखडलेत, हात द्या." मास्तरांनी हात दिला. ती उठेपर्यंत मुकादम थांबला, तेवढं त्यानं केलं. मग त्यानं वाचलं, "नंबर सतरा, नव्याण्णव."

झाड आडवं पडल्यावर मास्तर ओंडक्यापाशी बसले. खडूची खूण अजून होती. त्यांनी तिच्यावर पोलादी टेप गुंडाळला.

"किती?" बायकोनं दारातून विचारलं.

"एकशे एक."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मास्तर ढसाढसा रडले, रस्त्यावर, सगळ्यांदेखत.

पुढच्या रविवारी ते वाचनालयात गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गेले. बाईंनी कागद पुढं केला आणि त्यांनी पाणी घालण्याच्या चौकटीत फुली मारली. त्याच दिवशी शेठजींनी नवा कोरा टेप पाठवून दिला, घडी करून, वर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मास्तरांनी तो मशीनच्या खणात ठेवला.

वापरता येणारच नव्हता. गिऱ्हाइकांच्या वहीत तीनशे माणसांची मापं होती आणि सगळी जुन्या टेपची. दुपारी एकजण शर्ट शिवायला आला. दुकानात उन्हाचा नुसता भडका. बायको आत भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर ओला रुमाल ठेवून. मास्तरांनी खुंटीवरचा जुना टेप काढला, गळ्यात घातला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "हात वर करा."