पॅकिंगची रेघ

आमचं गॅरेज पारोळ्याच्या बाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे पत्र्याची शेड आणि मागे आमच्या दोन खोल्या. आमचे हे तिथे एकटेच काम करायचे. यांनी बसवलेलं इंजिन गळत नाही, अशी यांची ख्याती होती. रावेरकडचे केळीच्या गाड्या चालवणारेसुद्धा वाट वाकडी करून यायचे.

मग यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप हिंदकळायचा, नंतर पाना निसटायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कंपवात आहे म्हणाले. गोळ्यांनी थोडे दिवस बरं वाटलं. गॅरेजवर याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, एवढंच यांनी मला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात शाळेची एक व्हॅन आली. खेड्यातली पोरं पारोळ्याला आणणारी. चालवणारा माणूस आमचं जुनं गिऱ्हाईक, यांना नाना म्हणायचा. गाडीचं पाणी कमी होत होतं. इंजिनात हवा नेणारा जो मॅनिफोल्ड असतो, त्याच्या आतून या गाडीत पाणीही फिरायचं. तो इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथलं पॅकिंग गेलं होतं. यांनी मॅनिफोल्ड उतरवला, जुनं पॅकिंग खरवडलं, नवं घातलं आणि त्यावर ट्यूबमधून सिलिकॉनची रेघ सोडली. मी कपडे वाळत घालत होते. रेघ कुठे जाड होत होती, कुठे तुटत होती. यांनी ती बोटाने सारखी केली आणि झाकून टाकली.

आठवड्याच्या आतच गाडी गळत परत आली. यांनी पुन्हा सगळं उघडून बसवलं. मी नुसती जवळ जाऊन उभी राहिले, तर म्हणाले, "घरात जा." नंतर ती गाडी भर उन्हात रस्त्यातच तापून बंद पडली. इकडे ओढून आणली तेव्हा यांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. पाणी आत उतरलं होतं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

व्हॅनवाला ओरडला नाही. म्हणाला, "नाना, पोरं उन्हात उभी होती हो. एक पोरगी तर रडायलाच लागली."

तो गेल्यावर हे बोनेटला टेकून उभे राहिले आणि मग मला हाक मारली.

"मन्हा हात आते ऐकत नही. तू लाव."

"माले कोठे येस हाई?"

"मी सांगस. तू कर."

मला यातलं काहीच येत नव्हतं. हे स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून. यांनी मला मॅनिफोल्ड उतरवून जोडाच्या दोन्ही बाजू फडक्याने पुसायला लावल्या, मग पेट्रोलने, मग पुन्हा कोरड्या फडक्याने. बोट लागलं तर तेवढी जागा परत पुसायला लावली. "तेलकट राहिलं की धरत नही." मग नवं पॅकिंग आणि त्यावर रेघ. पाण्याच्या भोकाभोवती आणि बोल्टच्या भोकाभोवती, गव्हाच्या दाण्याएवढी जाड, न तोडता. जास्त झाली तर आत ओघळते आणि पाण्याची वाट बुजवते. मी श्वास रोखून रेघ सोडत होते. मॅनिफोल्ड सरळ बसवायचा, सरकवायचा नाही. बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे आवळायचे. जुनं ऑइल काढून नवं भरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली. तापू दिली. मी खाली वाकून हात फिरवला, तो कोरडाच राहिला. व्हॅनवाला खूश झाला. "वहिनी, तुमचा हात चांगला आहे की!"

मला इतका आनंद झाला होता, की यांच्याकडे पाहायचंच राहिलं. पाहिलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. हे आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"आते मन्हं काय काम शे आठे?"

"तुम्हीच तर सांगितलं सगळं," मी म्हटलं.

तरी त्यानंतर काही महिने आम्ही तसंच काम केलं. हे स्टुलावरून सांगायचे, मी करायचे. गिऱ्हाइकं बाईच्या हाताला बिचकायची, पण यांना बसलेलं पाहून गाडी सोडून जायची. मला वाटलं, निघेल असंच. पण दुखणं हातावर थांबलं नाही. यांचा आवाज बसत गेला. आधी मी पाना थांबवून ऐकायचे, मग जवळ जाऊन, मग तोंडाला कान लावून. रस्त्यावरून ट्रक गेला की सगळं बुडायचं. "काय? काय म्हणालात?" मी परत परत विचारायचे. हे सांगून सांगून थकायचे. एकदा यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि यांनी सांगणंच सोडलं.

एका शेतकऱ्याच्या गाडीचा मॅनिफोल्ड मी मग अंदाजाने बसवला. तो गळला. का गळला, हे मला कळलं नाही, आणि यांना कळलं असलं तरी मला सांगता आलं नाही. त्या शेतकऱ्याने गाडी दुसरीकडे नेली. मी शेडला कुलूप लावलं. हत्यारं नरडाण्याचा एक माणूस टेम्पोत घालून घेऊन गेला. तेव्हा हे दारातच बसले होते. तो सामान भरत असताना यांनी एकदाही मान वळवली नाही.

आता मी सकाळी दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायला जाते. परत आले की यांना जेवू घालते, सदऱ्याची बटणं लावते, बाहेर खुर्चीत आणून बसवते. संध्याकाळी कधीकधी यांचे ओठ हलतात. मी कान लावते, पण नुसता वारा लागतो. दोनदा विचारलं की यांचा चेहरा पिळवटतो, म्हणून आता मी विचारत नाही. "हो, बरोबर शे," असं म्हणून मान हलवते.

हे माझ्याकडे बघत राहतात. मला काहीच ऐकू आलेलं नाही, हे यांना माहीत असतं.