राबाची माती
लग्नाला आठ वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत बाईला नावं ठेवायला एवढं पुरे होतं. "हिनं हात लावला की कायच जगत नाय," असं सासूबाई पाणवठ्यावर माझ्यादेखत म्हणायच्या. काकडीचा वेल वाळला तरी तो माझ्याच हातानं! मला भयंकर राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

ही सन तीसच्या आसपासची गोष्ट. नवरा मुंबईला गिरणीत होता. एका शिमग्याला त्यानं कुठून तरी विजेच्या बॅटरीची जाड काचेची चौकोनी बरणी आणली, लोणच्यासाठी म्हणून. मी तिच्यात नदीची वाळू घातली, पाणगवत लावलं आणि बोटाएवढे सात मासे सोडले. बरणी मुद्दाम ओटीवर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर. माझ्या हातानं जगत नाही म्हणता ना, मग या आणि बघा.

दोन वर्षं सगळं मजेत चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात गवत पिवळं पडायला लागलं, मुळं सुतासारखी झाली. वाळूतला कस संपला होता. सासूबाईंना हवंच होतं ते. "अवसेपर्यंत हिरवं झालं नाय तर मासे नदीत नि बरणी लोणच्याला," त्यांनी बजावलं. अवस वीस दिवसांवर होती.

आम्हा भातवाल्यांना कसदार माती म्हटली की एकच ठाऊक, राबाची. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, मग तिच्यात रोपं अशी तरारतात की बघत राहावं. राब नुकताच भाजून झाला होता. मी बरणीतलं अर्धं पाणी घागरीत काढलं आणि टोपलीभर राबाची माती वरून ओतली. पाणी काळं झालं, वर राख तरंगली, आणि मासे तोंडं वर काढून आ वासायला लागले. असल्याच राखेनं आम्ही रोज भांडी घासायचो, तिचा खार हाताला ठाऊक होता, पण तेव्हा अक्कल गहाण पडली होती. मी धावत मासे घागरीतल्या जुन्या पाण्यात टाकले. त्यातले दोन माझ्या हातातच मेले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "बघितलंस गो? तुझा हातच तसा हाय." मला रडू आलं, ते दोन माशांसाठी. पण बरणी मी हलवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सरळ सावित्री नदीवर गेले आणि जिथं ते गवत आपणहून उगवतं, तिथलाच गाळ आणला. जाळलेलं, भाजलेलं काही नको. बरणी आणि वाळू राख जाईपर्यंत धुतली, गाळाच्या लहान लहान वड्या थापून सावलीत सुकवल्या. जुन्या वाळूत गवत पुन्हा लावलं आणि एकेक वडी बोटानं मुळाशी दाबली. वर धुतलेल्या रेवेचा चार बोटं जाड थर पसरला. रेवेवर केळीचं पान अंथरून त्यावर पाणी सोडलं, म्हणजे तळ ढवळत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाणी निवळल्यावर उरलेले पाच मासे सोडले. अवसेच्या आधी दोन दिवस गवताला कोवळी हिरवी पाती फुटली.

त्या दिवशी ओटीवर शेजारच्या चार बाया बसल्या होत्या. सासूबाईंनी बरणीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "नशीब हाय तुझं."

मी पाखडायचं सूप खाली ठेवलं. "नशीब नाय, आत्याबाई. दोन मेले ते माझ्या चुकीनं, ते मी कबूल करते. पाच जगले ते माझ्या अकलेनं. आणि पोर नाय झालं, त्यात माझी काय पन चूक नाय. त्याचा बोल यापुढं माझ्या हाताला लावायचा नाय."

बाया उठून गेल्या. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते चारही दिवस मी पोटभर जेवले.