उन्हात वाळवलेला हरभरा

आमच्या घरमालक काकांना दिसणाऱ्या माणसांपेक्षा न दिसणाऱ्या जिवांची काळजी जास्त. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून राहणारे जिवाणू म्हणजे त्यांचे सख्खे पाहुणे. "हवेतला नत्र धरून रोपाला देत्यात, रोप त्यांना साखर देतंय. भांडण न्हाय, तंटा न्हाय," हे ते लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला सांगतात. रस्त्यानं जाताना कुणाच्याही रानात उतरून रोप उपटणार, गाठ नखानं फोडणार आणि आत गुलाबी निघाली, म्हणजे जिवाणू जोमात असले, की त्या अनोळखी शेतकऱ्याचं अभिनंदन करणार. एकानं तर चोर समजून टेंभुर्णीपर्यंत त्यांचा पाठलाग केला होता. पेरणीआधी जिवाणू खताचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळतात. त्याआधी गूळ घालून उकळलेलं पाणी गार झालंय का, हे कोपर बुडवून बघतात, बाळाच्या अंघोळीचं बघावं तसं. "माझ्या चहात गूळ टाकताना हात आखडतोय, आन् ह्यास्नी ढेपच्या ढेप!" काकू म्हणतात.

मी गोंदियाकडचा, नववीत शाळा सुटलेला, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. काकांनी माझ्यासारख्या अनोळखी माणसाला खोली दिली, काकू रोज भाकरी देतात. म्हणून काही चुकलं तर खोली जाईल, ही धास्ती मला कायम. उपयोगी पडावं म्हणून मी न सांगता कामं करतो. गेल्या पेरणीला असाच, पडवीत चोळून ठेवलेला हरभरा ओला दिसला, तो उचलून गच्चीवर कडक उन्हात पसरला. आमच्याकडे धान उन्हातच वाळवतात.

काका वर आले आणि टोपी काढून उभे राहिले, मयताला राहतात तसे. "मेले की रं सगळे! ह्यास्नी ऊन सोसत न्हाय." दुकानातली पाकिटं संपलेली, रानातली ओल उडत चाललेली, तेच बी पेरावं लागलं. मी खोलीत येऊन गुपचूप कपड्यांची पिशवी भरायला घेतली. काका दारात आले. "कुटं निघालास?"

"चुकलं, काका."

"मग? उगवलेलं बघायला कोण येणार, तुझा साहेब? ठेव ती पिशवी."

महिनाभरानं मला शेतात नेऊन त्यांनी रोप उपटलं. गाठी थोड्याच होत्या, पण आतून गुलाबी. "आणलेले गेले, पण मातीत जुने हायेत. त्यांनी सांभाळलं बघ." मला हायसं वाटलं. काका मुळांची माती झटकत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, "संक्रांतीला गावाकडं जाणार म्हनं तू. परत येणार न्हवं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती त्यांनी पाहिली की नाही, कुणास ठाऊक.