आधी बूट, मग डोंगर

मावशींइतकं घाबरट माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर पाऊल टाकण्याआधी त्या दोन-तीन पायऱ्या नुसत्याच पुढे जाऊ देत, आणि मागे खोळंबलेली माणसं उसासे टाकत. लिफ्टमध्ये सोबत नसेल तर सरळ जिना धरत. पाल, कबुतरं, ढगांचा गडगडाट, उकळतं तेल, हॉकर सेंटरमध्ये गरम सुपाचा ट्रे घेऊन अंगावर येणारी माणसं, या सगळ्यांची त्यांना भीती. आणि ह्याच बाई दर फेब्रुवारीत विमानाने जपानला, होक्काइदोला जात, पायांत स्की अडकवून बर्फाचे डोंगर चढत आणि घसरत खाली येत. सिंगापूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात त्यांचं नावच 'घाबरट मावशी' पडलं होतं. तोंडावर म्हटलं तरी रागवत नसत. "खरंच आहे गं," म्हणायच्या, "म्हणून तर साठीपर्यंत पोचले."

मूळच्या त्या पुण्याच्या. संशोधनाच्या निमित्ताने नॉर्वेच्या पार उत्तरेला बरीच वर्षं राहिल्या आणि मग इथल्या विद्यापीठात आल्या. नॉर्वेत सुट्टीच्या दिवशी घरात बसणाऱ्याची लोक तब्येत विचारतात, असं त्या सांगत. तिथे त्या टेलीमार्क स्कीइंग शिकल्या. या प्रकारात बुटाचा फक्त चवडा बाइंडिंग नावाच्या पकडीने स्कीला अडकवलेला असतो आणि टाच मोकळी. त्यामुळे चढताही येतं आणि उतरताना एक गुडघा वाकवून वळताही येतं. बूट मात्र चामड्याचे, जाड शिलाईचे, तिथूनच आणलेले. सिंगापूरच्या दमट हवेत चामड्यावर आठवड्यात बुरशी धरते. इथे हौशी लोक कॅमेऱ्यासाठी विजेवर चालणारं कोरडं कपाट घेतात, तसं मावशींनीही घेतलं. बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्या कपाटात बुटांचे दोन जोड बसले आणि कॅमेरा बाहेर टीव्हीशेजारी बुरशी खात पडला.

आमची इरा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. जन्म पुण्यातला, पण सगळी वाढ इथल्या तोआ पायोहची. मराठीत विचारावं तर इंग्रजीत उत्तर. एका गणपतीत आरती झाल्यावर मावशींनी तिला मोबाइलवर बर्फातले फोटो दाखवले आणि मुलगी हातची गेली. "आई, मी मावशीबरोबर जाणार. इट्स ओन्ली स्नो, लाह." मला एकच मूल. या देशात डोंगर नाहीत ही गोष्ट मी कायम त्याच्या जमेला धरत आले होते. तरी मी मनाची समजूत घातली की मावशीच त्या, काहीतरी कारण काढून नाही म्हणतील.

मावशींनी मला एकच विचारलं, "घाबरते का ती?"

"छे हो! कशालाच नाही," मी तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"मग नाही नेणार."

इरा ताडकन उठून गेली. मी साखर वाटायचीच काय ती बाकी होती. पण चार दिवसांनी मावशींचाच फोन आला. "तिला पाठव. माझे जुने बूट तिला होतील. त्या बुटांना स्की आणि बाइंडिंग तिनं निवडायचं. निवडताना घाबरली तर नेईन." मी इराच्या मागोमाग गेले, कारण घरी बसून काळजी करण्यापेक्षा समोर बसून केलेली बरी.

इरा लॅपटॉप उघडून तयारच होती. तिने लांब, रुंद, निळीशार स्की निवडली होती आणि डोंगरही ठरवला होता. उंच, झाडं नसलेला, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पांढराशुभ्र. मावशींनी पडद्याकडे पाहिलंही नाही. एक बूट तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पीळ." इराला कळेना. मावशींनी टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून धुणं पिळावं तसा तो बूट पिळून दाखवला. "बघ किती पिळतोय. हा इतका मऊ, आणि तुझी स्की रुंद नि ताठ. घट्ट बर्फावर ती कडेवर उभी करायची तर जोर या बुटातून जायला हवा. जाणार नाही. बूट पिळेल, स्की आपल्या वाटेनं जाईल आणि तू तिच्या मागून." मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, जे त्या दर पार्टीत कुणाला तरी ऐकवत. "बूट ठरवतो स्की, स्की ठरवते बाइंडिंग, आणि हे तिन्ही मिळून ठरवतात डोंगर. लोक डोंगरापासून सुरुवात करतात."

"मग प्लास्टिकचे बूट घ्या ना," मी मध्येच तोंड घातलं. "आजकाल सगळे तेच घालतात म्हणे."

"घालू देत. त्यात पाय काय म्हणतोय ते कळत नाही. शिकणाऱ्याला कळायला हवं."

शेवटी स्की ठरली ती मध्यभागी चार बोटं रुंद, हलकी, लवचीक, कडेला पोलादी पट्टी आणि तळाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, म्हणजे चढताना मागे घसरत नाही. इराने नाक मुरडलं. मला ती बिचारी दिसणारी स्की फार आवडली.

खरं भांडण बाइंडिंगवरून झालं, आणि ते माझं. मावशींना साधं तीन खिळ्यांचं हवं होतं. बुटाच्या पुढच्या ओठाला खाली तीन भोकं असतात, ती खिळ्यांवर बसवायची आणि वरून कडी दाबायची, की झालं. मी घरी वाचून गेले होते. "पडल्यावर आपोआप सुटणारं मिळतं, ते घ्या," मी म्हणाले.

"मिळतं. पण जड असतं, आणि त्याची ओढ या मऊ बुटाला झेपत नाही. बूट मध्येच दुमडतो."

"आणि हे? पडल्यावर नाही सुटलं तर?"

"नाही सुटलं तर पाय मोडू शकतो," मावशी म्हणाल्या. "मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. म्हणून जिथे जोरात पडायची वेळ येणार नाही असाच उतार घ्यायचा."

उठावं, पोरीचा हात धरावा आणि घरी जावं असं वाटलं. तेवढ्यात इरा अगदी हळू आवाजात, चक्क मराठीत म्हणाली, "मावशी, आणि पाय अडकला, आणि जवळ कोणीच नसलं तर?" मावशींचा चेहरा उजळला. "आता कशी!" त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. जाणं पक्कं झालं होतं.

बूट घरी आले. आमच्या घरी कोरडं कपाट नाही. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, दर रविवारी वहाणांना तेल लावणाऱ्या घरातला. लेकीच्या बुटांना बुरशी लागू नये म्हणून त्याने कुणालाही न विचारता लिटिल इंडियातून आणलेलं खोबरेल तेल त्यांना चोळलं. एकदा नाही, आठवडाभर रोज. बूट असे चकाकायला लागले की इराने त्यांचा फोटो मैत्रिणींना पाठवला.

निघण्याआधी मावशींची एक तपासणी असे. त्या बूट फ्रीजरमध्ये ठेवत, मटारच्या पिशव्यांशेजारी, आणि थंडीत चामडं कसं वागतं ते पाहत. इराचे बूट त्यांच्याकडे नेऊन दिले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर बूट टेबलावर, आणि प्रत्येक टाक्यातून पांढरं, मेणासारखं काहीतरी वर आलेलं. मावशींनी नखाने खरवडलं, हुंगलं आणि श्रीरंगकडे वळून म्हणाल्या, "खोबरेल?"

पुण्यातल्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं हे त्याने जन्मभर पाहिलेलं. पण सिंगापुरात इतकी वर्षं ते पाण्यासारखं पातळच असतं, तेव्हा तो विसरूनच गेला होता. गोठण्याचं मावशींना विशेष काही वाटलं नाही. ते पुसता येतं. पण बूट उबेला आल्यावर त्यांनी एक पिळला आणि त्यांचा चेहरा उतरला. तेल मुरून चामडं पार सैल झालं होतं. घोट्याला आधारच उरला नव्हता.

"आता नवे बूट रुळवायला वेळ नाही," त्या म्हणाल्या. "स्की बदलायची. आणखी अरुंद, आणखी हलकी. आणि डोंगरही." त्यांनी होक्काइदोच्या दुकानदाराला, जो बाइंडिंग बसवून देणार होता, तिथल्या तिथे निरोप धाडला. ठरलेल्या सौम्य उताराच्या डोंगराऐवजी आता रस्त्यालगतची एक बुटकी, झाडीची टेकडी. इरा रडली. "दॅट्स नॉट इव्हन अ माउंटन! बाबा, हे तुझ्यामुळे!" श्रीरंग खाली मान घालून बसला. मी मात्र त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पण मुलगी विमानात बसली आणि भीती पुन्हा आली. ऑफिसात कोडच्या ओळी समोर आणि डोळ्यांपुढे तीन खिळे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवत असताना इराचा फोन आला. तिचा श्वास लागला होता. "आई," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलेचना. तेवढ्या क्षणात मी काय काय पाहिलं ते लिहिता येत नाही. मग ती म्हणाली, "मावशी पडली. पाय. उठता येत नाहीये."

मी तिला ओरडून विचारलं, "तू कशी आहेस?" मावशी पडल्या आहेत हे ऐकून मी आधी हे विचारलं. आईचा जीव असा असतो, त्याला मी काही करू शकत नाही.

झालं होतं ते असं. टेकडीच्या पायथ्याशी एक ओढा होता, वरून बर्फाने झाकलेला. इरा पुढे होती. मावशींनी तिला थांबवलं, "मला इथलं काही आवडत नाहीये, आधी मी जाते," म्हणाल्या आणि काठीने बर्फ टोचत पुढे सरकल्या. मधोमध बर्फ खचला, स्की आत अडकली, त्या आडव्या पडल्या आणि बाइंडिंग सुटलं नाही. गुडघ्याखालचं हाड मोडलं. इराने खाली हात घालून कडी उघडली, त्यांना ओढून काठाला आणलं, स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगाखाली घातलं आणि त्या मऊ बुटांनी धावत रस्ता गाठला. रस्ता जवळ होता, म्हणून माणसं लवकर आली. "माझ्या खोबरेल तेलाची कृपा," असं श्रीरंग नंतर एकदाच म्हणाला. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, पण त्याचं खोटं होतं असंही नाही.

मावशी इथल्या हॉस्पिटलात आल्यावर मी डबा घेऊन गेले आणि त्यांचा हात धरून रडले. "तुम्ही का गेलात पुढे? इतक्या भित्र्या तुम्ही!"

"अगं, भीती वाटली म्हणूनच ना," त्या म्हणाल्या. "नसती वाटली तर तिला जाऊ दिलं असतं." मग डब्यात काय आहे ते विचारलं.

पाय जुळला, पण गुडघा पहिल्यासारखा वाकेना. मावशी निवृत्त होऊन पुण्याला बहिणीकडे गेल्या. जाताना कोरडं कपाट आमच्याकडे आलं. इरा आता विद्यापीठातल्या मित्रमैत्रिणींबरोबर जाते. तिने चामड्याचेच नवे बूट घेतले आणि श्रीरंगला त्यांच्या आसपास फिरकू देत नाही. निघायच्या आधी ती बूट माझ्या हातात देते, मी पिळते, आणि मग आम्ही दोघी स्कीची चर्चा करतो. जिने जन्मात बर्फावर पाऊल ठेवलं नाही ती मी, मुलीला सांगते की ही स्की तुझ्या बुटाला जड होईल. ती ऐकते.

भीती मात्र तसूभर कमी झालेली नाही. पहिल्यांदा इरा मावशींशिवाय गेली तेव्हा मावशींचाच पुण्याहून फोन आला. "एकटीनं कशाला घाबरतेस? मी आहे ना." तेव्हापासून इरा डोंगरावर असते त्या दिवशी आम्ही फोनवर असतो. बर्फाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पुण्यातला पाण्याचा टँकर, बहिणीची शुगर, इथे मेथी मिळते का, असलं काहीबाही. मध्येच दोघी गप्प होतो आणि पलीकडचा श्वास ऐकू येतो.

या वर्षीही तसंच. शनिवार होता, मी खिडकीशी उभी होते. बोलता बोलता मोबाइलवर इराचा निरोप उमटला. "मावशी, आली खाली," मी म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मावशी करवादून म्हणाल्या, "बरं, ठेव आता. केव्हाची बोलतेयस, मला कुकर लावायचाय."