बाळकुमच्या मिठागराजवळचे पांढरे अस्वल

वैशाख वद्य पंचमी, सकाळ. कल्याणच्या बंदरावरून ओहोटी धरून निघालो. होडीत मी, आमचे कुटुंब गंगाबाई, मेहुणे भाऊराव आणि नावाडी धर्मा. सामानात दशम्या, कैरीची चटणी, पाण्याची घागर व छत्र्या. बाळकुमास एका साहेबाच्या फिरत्या प्राणिसंग्रहात बर्फाच्या मुलखातले पांढरे अस्वल आले होते. ते उन्हाने आजारी आहे, जगेलसे दिसत नाही, असे कळल्यामुळे घाई केली.

खाडी संथ होती. डाव्या हाताला डोंबिवलीची शेते आणि कोपरची थोडी घरे मागे पडली. बाळकुमाला उतरताना माझा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला आणि वहाण आतच राहिली. धर्माने ती उपसून दिली.

मिठागराच्या बांधापलीकडे चिंचेखाली पिंजरा होता. आत अस्वल जीभ काढून धापा टाकत पडले होते. रंग पांढरा नव्हे, हिरवट.

"शेवाळ आहे, रावसाहेब," राखणदार महादू म्हणाला. तो साताऱ्याकडचा. "केसांत शिरलंय. रिठ्यानं धुतलं तरी जात नाही. अन् दुपारचं तर हे कुणाकडं बघतही नाही."

"दुपारचे कुणाला भेटत नाही म्हणजे आमचे मामलेदारच," भाऊराव म्हणाले.

ज्या खलाशाने हे अस्वल आणले त्याच्याकडून महादूला पुष्कळ कळले होते. आपल्या मुलखात ते गोठलेल्या समुद्रावर हिंडते. बर्फातल्या भोकाशी दबा धरून बसते आणि सील (मिशा असलेला समुद्री प्राणी) श्वासासाठी वर आला की धरते. त्याची चरबी खाऊन अंगावर जाड थर चढतो. तिकडे तो थर जीव राखतो, इथे तोच जिवावर उठतो. इथे मासळी व बोकडाची चरबी देतात, पण कालपासून त्याने तोंड लावले नव्हते. साहेब पावसाळ्याआधीच्या बोटीने त्याला विलायतेस पाठवणार होता. तोवर आधार एवढाच: मुंबईहून आगगाडीने रोज सकाळी येणारी, भाताच्या तुसात गुंडाळलेली बर्फाची लादी.

महादूने तूस बाजूला केले आणि त्याचा चेहरा उतरला. लादी निम्मी उरली होती, खाली पाण्याचे थारोळे.

"मी पाण्याला गेलो तेव्हा यावर मीठ कोणी घातलं?"

मिठागरावरच्या हिराबाई पुढे आल्या. "मीच. मावऱ्याला (मासळीला) मीठ लावलं का टिकतं. याला लावलं तं काय झालं?"

"मावशे, आज दुपारी मेलं तर तुझ्या हातानं मेलं."

हिराबाई बांधावर जाऊन पाठ फिरवून बसल्या.

उरले किती ते पाहावे म्हणून मी त्या खारट, अर्धवट वितळलेल्या बर्फात हात घातला. बोटे लगेच बधिर झाली. मिठाने बर्फ लवकर वितळवला खरा, पण ते पाणी बर्फाहूनही गार झाले होते. "महादू, फेकू नका. सगळे पिंजऱ्यातल्या हौदात ओता."

अस्वलाने हुंगले. आधी पंजे आत घातले, मग पोट टेकले आणि हनुवटी काठावर ठेवली. हळूहळू धाप कमी झाली. गंगाबाईंनी हिराबाईंना हाक मारून त्यांची मासळीची टोपली आणवली. महादूने बोंबील पुढे केला. अस्वलाने तो खाल्ला, मग आणखी.

"हिराबाई, तुमचं खारवलेलं अस्वल टिकलं बघा," भाऊराव म्हणाले.

"गप बस रं," त्या म्हणाल्या, पण हसल्या. महादूने त्यांच्याकडे न बघता विचारले, "मावशे, संध्याकाळला आणखी मासळी मिळंल?"

गार पाणी फार वेळ टिकणार नव्हते. हिराबाईंनी गोणपाटे दिली. ती आम्ही भिजवून पिंजऱ्याच्या पश्चिमेच्या बाजूला बांधली आणि विहिरीचे पाणी मारत राहिलो. ऊन कलल्यावर अस्वल पहिल्यांदा उठून उभे राहिले.

भरतीबरोबर परतलो. त्या जनावराला त्याचा मुलूख इथे कोणी देऊ शकत नाही. बोट येईपर्यंत एकेक दुपार तेवढी पार पाडून देता येते. गोणपाट लवकर वाळते, म्हणून वाळ्याचे पडदे करून पाठवण्याचे मी महादूला कबूल केले आहे. धर्माच्या उद्याच्या फेरीने ते पोचले पाहिजेत. गंगाबाईंनी वाळा भिजत घातला आहे. विणायचे अजून सगळेच आहे.